प्रोजेक्ट डब्यात गेला? अभिनंदन!

सिनेमा डब्यात गेला की निर्माता डोक्याला हात लावतो. आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर खेळणाऱ्या माणसाचं उलट असतं. त्याचा प्रोजेक्ट डब्यात गेला की त्याने पेढे वाटायला हवेत, कारण इतक्या लांब फार थोडे प्रोजेक्ट पोचतात. बाकीचे टेबलाच्या कोपऱ्यात, रंगीबेरंगी तारांच्या गुंत्यात, ‘चालतंय, आता फक्त बॉक्समध्ये बसवायचं राहिलंय’ अशा अवस्थेत वर्षानुवर्षं पडून असतात. माझ्याकडे असे चार आहेत. त्यांतला एक गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते सांगायला केला होता. सध्या तो फक्त माझा आळस किती आहे ते सांगतो.

कोड दोन संध्याकाळींत उरकतो, डब्याला दोन महिने लागतात. त्या दोन महिन्यांत वाचलेलं, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत ऐकलेलं आणि स्वतःचे हात पोळून कळलेलं, असं सगळं इथे एकत्र आहे.

पोळपाटावरचा रेडिओ

ब्रेडबोर्ड हा शब्द आपण इतक्या सराईतपणे वापरतो की त्यात ब्रेड कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो खरोखरच पाव कापायच्या फळीवरून आला. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतले हौशी लोक घरच्या घरी रेडिओ जोडायचे, तेव्हा स्वयंपाकघरातली लाकडी फळी पळवून तिच्यावर व्हॉल्व्ह आणि कॉइल ठोकून बसवायचे. ही हौस त्याच काळात आपल्याकडे रुजली असती, तर आज मुलं दुकानात जाऊन ‘एक पोळपाट आणि चाळीस जंपर द्या’ म्हणाली असती. कॉइलची तार गुंडाळायला ओट्सचा पुठ्ठ्याचा गोल डबा वापरायचे. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या हौसेसाठी स्वयंपाकघरावर धाड घालायची परंपरा चांगली शतकभर जुनी आहे. आईला हे सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. तिच्या हिशेबी घरातला कुठलाच डबा रिकामा नसतो, तो फक्त ‘सध्या मोकळा’ असतो.

मुखपृष्ठावरचा पोकळ डबा

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. तो पाहून पॉल ॲलन आणि बिल गेट्स कामाला लागले आणि पुढे मायक्रोसॉफ्ट उभी राहिली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्या फोटोतल्या डब्यात संगणकच नव्हता, ही गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. आल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला पार्सलने पाठवलेला नमुना वाटेतच गहाळ झाला. मासिकाला तर छापायला जायची घाई. मग बाहेरून दिवे आणि खटके लावलेली पोकळ पेटी उभी करून फोटो काढला. घरगुती संगणकांच्या युगाचा नारळ असा रिकाम्या डब्यावर फुटला.

पुढच्याच वर्षी नेमकं उलट घडलं. १९७६च्या ॲपल-१मध्ये संगणक होता, पण डबा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या बाइट शॉप या दुकानाच्या पॉल टेरेल यांनी ५० नग मागवले. त्यांना तयार संगणक हवे होते. हातात पडले नुसते बोर्ड. पेटी नाही, कीबोर्ड नाही, पॉवर सप्लाय नाही, पडदा तर नाहीच. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. घेणाऱ्यांनी मग आपापल्या लाकडी पेट्या करून घेतल्या. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला ॲपल-१ असाच लाकडी पेटीत बसलेला आहे. १९७७च्या ॲपल-२ला मात्र जेरी मॅनॉक यांनी प्लास्टिकची देखणी पेटी आखून दिली, आणि तो दिवाणखान्यात ठेवण्याजोगा झाला. सर्किट तेच राहतं, पण पेटी आली की माणसं त्याला ‘वस्तू’ म्हणू लागतात.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर, डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ साली तयार झालेला पहिला माउसही लाकडी ठोकळ्यातलाच होता.

लेगोच्या विटा

गूगल अजून गूगल व्हायचं होतं तेव्हा, १९९६ साली, स्टॅनफर्डमध्ये ४ जीबीच्या १० हार्ड डिस्क ज्या कपाटात बसवल्या होत्या, ते मुलांच्या खेळण्यातल्या विटांचं होतं. विटा वाढवता येतात, कापायला करवत लागत नाही, आणि चुकलं तर सोडवून पुन्हा लावता येतात. २०१२मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात प्राध्यापक सायमन कॉक्स यांनी ‘रास्पबेरी पाय’ हे ६४ चिमुकले संगणक जोडून छोटा सुपरकॉम्प्युटर केला. त्याच्या लेगोच्या मांडण्या उभ्या करायला त्यांचा सहा वर्षांचा मुलगा हाताशी होता.

रास्पबेरी पायबद्दल गंमत अशी की २०१२च्या २९ फेब्रुवारीला तो विकायला आला तो उघडाबोडका, आणि बनवणाऱ्यांची स्वतःची अधिकृत पेटी आली ती थेट २०१५मध्ये. मधल्या तीन वर्षांत लोकांनी पुठ्ठा, ॲक्रिलिक, लाकूड, जे हाती लागलं त्याचं घर बांधून त्याला दिलं. निर्मात्यांनाच तीन वर्षं लागली, तर माझ्या दोन महिन्यांना कुणी हसू नये.

पेपरमिंट विरुद्ध श्रीखंड

अमेरिकेत या हौसेचा राष्ट्रीय डबा म्हणजे आल्टॉइड्सच्या पेपरमिंट गोळ्यांची पत्र्याची चपटी डबी. आर्डुइनो उनोचा बोर्ड ६८.६ गुणिले ५३.४ मिलिमीटरचा असतो आणि त्या डबीत तो अंग चोरून बसतो. ॲडाफ्रूट कंपनीच्या लिमोर फ्रीड यांचा ‘मिंटीबूस्ट’ हा दोन पेन्सिल सेलवर चालणारा फोन-चार्जर अशाच डबीसाठी बेतलेला होता आणि तो जगभर गाजला. पत्र्याच्या डबीचा एकच धोका: आत इन्सुलेशन टेप लावायला विसरलात तर बोर्डाच्या पोटाखालचे सगळे सोल्डर एकमेकांशी बोलायला लागतात, आणि ते बोलणं फार थोडा वेळ चालतं.

आपल्याकडे त्या मानाची वस्तू म्हणजे अर्धा किलो श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. झाकण घट्ट, आकार आटोपशीर, आणि डबा रिकामा करण्याचं काम आनंदाचं. माझा पहिला प्रयोग त्यातच झाला आणि तिथेच दोन धडे मिळाले. पहिला म्हणजे या प्लास्टिकला, पॉलिप्रॉपिलीनला, फेव्हिक्विक चिकटत नाही. त्याचा पृष्ठभागच असा की गोंद त्यावर पसरत नाही, अळूच्या पानावर पाणी ठरत नाही तसा. बोर्ड दोन दिवस जागेवर राहिला आणि तिसऱ्या दिवशी आतल्या आत खुळखुळू लागला. दुसरा धडा उन्हाने दिला. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी हे प्लास्टिक ठिसूळ होतं. एक उन्हाळा गच्चीवर काढल्यावर झाकण उघडायला गेलो तर ते पापडासारखं हातात तुटलं.

फेव्हिक्विकवरून आठवलं. पारदर्शक ॲक्रिलिकच्या झाकणाजवळ ते वापरलंत तर दुसऱ्या दिवशी झाकणावर पांढुरकं धुकं दिसतं, आणि ते सहजासहजी पुसलं जात नाही. गोंदाची वाफ आजूबाजूला जाऊन बसते. तीच वाफ बोटांच्या ठशांवर बसते म्हणून गुन्हे-तपासात ठसे उठवायला वापरतात. ही युक्ती १९७०च्या दशकात जपानी पोलिसांनी रूढ केली. माझ्या एका झाकणावर माझ्याच अंगठ्याचा असा सुबक ठसा उमटलेला आहे. सर्किट कुणी बिघडवलं याचा पुरावा.

ज्यांना श्रीखंड आवडत नाही (असे लोक असतात म्हणे) त्यांनी वायरिंगच्या दुकानातून जंक्शन बॉक्स आणावा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. पांढरा किंवा करडा, चार स्क्रूंचा, बाजूला ठोकून पाडायच्या गोल चकत्या असलेला. सोबत केबल ग्लँड, स्पेसर आणि एक बरा डिसमिस घ्यावा. स्क्रू-ड्रायव्हरला आपण ‘डिसमिस’ का म्हणतो याच्या व्युत्पत्तीत मी शिरत नाही, पण झाकणाच्या चौथ्या स्क्रूचा आटा फिरला की तो शब्द फार योग्य वाटतो.

टाल्कम पावडर आणि खोटं बोट

डब्यावर ‘आयपी६५’ असं काही छापलेलं असतं. दुकानदार सांगतो, ‘वॉटरप्रूफ आहे साहेब, डोळे झाकून न्या.’ डोळे उघडे ठेवून वाचलं तर जास्त मजा आहे. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात पहिला आकडा घन वस्तूंसाठी असतो, ० ते ६. दुसरा पाण्यासाठी, ० ते ९.

पहिला आकडा २ मिळवायला डब्याला बोटाची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी धातूचं खोटं बोट असतं, १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब, आणि खऱ्या बोटासारखी पेरं असलेलं. ते भोकांतून आत घालून, वाकवून, विजेच्या धोक्याच्या भागाला लागतं का ते पाहतात. मानकं ठरवणाऱ्या गंभीर माणसांनी ‘लोक भोक दिसलं की बोट घालतात’ हे मानवी स्वभावाचं सूत्र असं लोखंडात ओतून ठेवलं आहे. आमच्या घरी ही चाचणी भाच्याकडून फुकट होते. म्हणूनच रिलेवर २३० व्होल्ट आणणारं काहीही श्रीखंडाच्या डब्यात घालू नये. तिथे नीट, आग न पकडणारा विजेचाच बॉक्स हवा, आणि मेनची बाजू दुसऱ्या कुणा जाणत्याकडून तपासून घ्यावी. इथे मी विनोद करणार नाही.

पहिला आकडा ६, म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. ती धूळ कुठली? रस्त्यावरची नाही, राजस्थानातली वाळू नाही. चाचणीच्या बंद पेटीत आठ आठ तासांपर्यंत चक्क टाल्कम पावडर उडवतात. जगातले सगळे ‘डस्टप्रूफ’ फोन, दिवे आणि मीटर अशी पावडर लावून, नटूनथटून बाजारात येतात.

दुसऱ्या आकड्यात खरी गोम आहे. ५ म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याची धार सोसणारा, ६ म्हणजे मिनिटाला १०० लिटरची, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडून वर येणारा. साहजिकच वाटतं, ७वाला ५ला पुरून उरेल. तसं नाही. बुडून राहणं आणि धारेचा मारा सोसणं या वेगळ्या परीक्षा आहेत. ७ मिळालेल्या डब्याने ५ची परीक्षा दिलेलीच नसेल. शांत विहिरीत पोहणारा धबधब्याखाली उभा राहीलच असं थोडंच आहे? आणि सह्याद्रीतला पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो.

बाकी हे सगळं आकडेशास्त्र एका क्षणात संपतं. तुम्ही कौतुकाने आणलेल्या आयपी६७ बॉक्सला सेन्सरच्या तारेसाठी ड्रिलने पहिलं भोक पाडता तो क्षण.

डबा श्वास घेतो

आता माझ्या आवडीचा भाग. सगळीकडून सिलिकॉन लावून, एम-सील भरून, हवाबंद केलेला डबा पावसाळ्यानंतर उघडला की आत चमचाभर पाणी निघतं. पाणी गेलं कुठून? शिंतोड्यांनी नाही. डब्याने ते स्वतः ओढून घेतलं.

समजा मेमधल्या दुपारी डबा तापून आतली हवा ५० अंशांवर गेली. मग वळीव कोसळला आणि डबा झपाट्याने २५ अंशांवर आला. बंद डब्यातली हवा थंड झाली की तिचा दाब घटतो, इथे साधारण ८ टक्क्यांनी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा फरक म्हणजे तो डबा जवळजवळ ८० सेंटिमीटर खोल पाण्यात बुडवल्यासारखा आहे. बाहेरून तेवढ्या जोराने हवा आत घुसू पाहते, आणि नेमकं त्याच वेळी झाकणाच्या फटीवर पावसाचं पाणी ओघळत असतं. केसाएवढी चीर पुरे. रोज दुपारी तापायचं, संध्याकाळी निवायचं, म्हणजे रोज एक उच्छ्वास आणि एक घोट. आत गेलेली वाफ रात्री झाकणाच्या आतल्या बाजूला दव होऊन बसते आणि पहाटे बोर्डावर ठिबकते.

उपाय ऐकून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसत नाही: तळाला बारीक भोक पाडा. श्वास घ्यायचाच आहे तर खालून घे, आणि साठलेलं पाणी तिथूनच जाऊ दे. तारा नेहमी खालून आत न्याव्यात, आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली झुकणारा एक झोल द्यावा. तारेवरून ओघळत आलेलं पाणी त्या झोलाच्या पोटाशी टपकतं, डब्यापर्यंत चढून जात नाही. जुने वायरमन हा झोल न विचारता देतात.

पैसे खर्च करायचे असतील तर नाण्याएवढा ‘व्हेंट’ मिळतो. त्यात पाणी अडवणारा पण हवा सोडणारा पातळ पडदा असतो. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून पाहिलं, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. त्यातूनच गिर्यारोहकांची महागडी जाकिटं आली, आणि तोच पडदा आज डब्यांच्या नाकालाही बसतो. आपला आर्डुइनो असा गोर-टेक्सचा रेनकोट घालून गच्चीवर बसतो. मी स्वतः मात्र अजून छत्रीवरच आहे.

सिलिका जेलच्या पुड्या टाकायला हरकत नाही, पण भोक पडलेल्या डब्यात दोन पुड्यांनी कोकणची हवा कोरडी करायची म्हणजे टिटवीने समुद्र उपसण्यातली गत. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी दमली असं समजायचं.

फोटो काढला आणि बंद पडला

फेब्रुवारी २०१५मध्ये रास्पबेरी पाय २ बाजारात आला. हौशी लोकांनी लगेच त्याचे फोटो काढायला घेतले, आणि कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश पडला की तो गपकन बंद व्हायचा. लोकांना वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. वीजपुरवठा सांभाळणारी यू१६ नावाची चिमुकली चिप जवळजवळ उघड्या सिलिकॉनचीच होती, तिला काळ्या प्लास्टिकचा अंगरखा नव्हता. फ्लॅशच्या झोताने सिलिकॉनमध्ये फोटोइलेक्ट्रिक परिणामाने नको तिथे प्रवाह उसळायचा आणि बोर्डाला फेफरं यायचं. सौर पॅनलमध्ये ज्या गोष्टीचं आपण कौतुक करतो तीच इथे नडली. इलाज काय, तर चिपवर चिकट मातीसारखा गोळा दाबून बसवा, किंवा अपारदर्शक डब्यात घाला. फोटो काढल्याने लाजणारा हा बहुधा एकटाच संगणक.

पत्र्याच्या आत वायफाय रुसतं

मायकल फॅरेडे यांनी १८३६ साली धातूने मढवलेली खोली करून दाखवलं की बाहेर कितीही विद्युत थयथयाट चालला तरी आत शांतता असते. गिटारचे पेडल ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्यांत असतात ते थोडंफार याच कारणाने, घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आत शिरू नये म्हणून. पण तुमच्या डब्यात ईएसपी३२ हा वायफायचा बोर्ड असेल तर तीच शांतता मुळावर येते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून ती बाहेर पडत नाही. बोर्डाच्या टोकाला नागमोडी तांब्याची रेघ असते ना, तीच अँटेना. तिच्याजवळ धातू नको, बॅटरी नको, चकचकीत चांदीची टेप तर नकोच. एका मित्राने देखण्या पितळी डब्यात हवामानयंत्र बसवलं होतं. पानाचा डबा होता तो, आजीचा. झाकण उघडं असलं की तापमान फोनवर यायचं, लावलं की गायब.

कादंबरीकाराच्या वडिलांची पेटी

हवामानयंत्रांचा आणखी एक घोटाळा असा की बहुतेक घरगुती यंत्रं हवामान सांगतच नाहीत, स्वतःच्या अंगातला ताप सांगतात. व्होल्टेज उतरवणारी ७८०५ ही जुनी चिप १२ व्होल्टचे ५ करते तेव्हा वरचे ७ व्होल्ट नुसती उष्णता होऊन जातात. त्याच डब्यात थर्मामीटर ठेवला तर पुण्यात डिसेंबरातही वैशाख वणवा.

यावरचा इलाज दीडशे वर्षांहून जुना आहे. पांढरी, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरची, चारही बाजूंनी झडपा असलेली लाकडी पेटी. हवा खेळते, ऊन आणि पाऊस अडतात. वेधशाळांच्या आवारात ती पाहिली असेल. तिला स्टीव्हनसन स्क्रीन म्हणतात. ते स्टीव्हनसन म्हणजे थॉमस, स्कॉटलंडचे दीपगृहं बांधणारे इंजिनियर, आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हनसनचे वडील. मुलाने खजिन्याच्या पेटीवर कादंबरी लिहिली, बापाने थर्मामीटरला पेटी दिली. घरी करायची तर कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या उलट्या करून, मध्ये स्पेसर घालून एकावर एक रचा. हुबेहूब तेच काम होतं.

थ्रीडी प्रिंटरवर पेटी छापणाऱ्यांनी एक पाहावं. सर्वांत लाडकं प्लास्टिक पीएलए हे मक्याच्या पिष्टापासून नाही तर उसाच्या साखरेपासून बनतं, आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या मोटारीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. नागपूरकरांनी आणि गाडीत काही बसवणाऱ्यांनी एबीएस घ्यावं, ते शंभर अंशांपर्यंत ताठ राहतं.

उष्णतेची सर्वांत सुंदर गोष्ट मात्र पृथ्वीबाहेरची आहे. डिसेंबर २०१५मध्ये ‘एड’ आणि ‘इझी’ नावाचे दोन रास्पबेरी पाय आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, शाळकरी मुलांचे प्रोग्रॅम चालवायला. तिथे गरम हवा वर जात नाही, कारण ‘वर’च नाही. हवा चिपभोवती नुसती कोंडून राहते. शिवाय अंतराळवीराच्या हाताला लागेल असा कुठलाही पृष्ठभाग ४५ अंशांहून तापता कामा नये, हा नियम. म्हणून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली पेटीच उष्णता बाहेर फेकणारी केली, पाठीवर साळिंदरासारखे खुंट काढून. आतला संगणक स्वस्तातला. त्याचं घर मात्र त्याच्या कितीतरी पट महाग. मुंबईकरांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

बिनभाड्याचे भाडेकरू

उबदार, अंधारा, कोरडा डबा म्हणजे मुंग्यांच्या, पालींच्या आणि झुरळांच्या जगात टू-बीएचके. ९ सप्टेंबर १९४७ला हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेत पतंग सापडला आणि तो नोंदवहीत टेपने चिकटवून ठेवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आमच्या टाकीच्या प्रोजेक्टमध्ये कुंभारीण माशीने अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या एका डोळ्यात मातीचं घर बांधलं होतं. त्यामुळे टाकी कायम काठोकाठ भरलेली दिसायची. हसू नका, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर तिचेच जातभाई विमानांच्या वेगमापक नळ्यांत घरं करतात, आणि त्यांना कुठल्या मापाची नळी आवडते हे तपासायला संशोधकांनी थ्रीडी प्रिंटरवर खोट्या नळ्या छापून टांगल्या होत्या. हवेच्या भोकांना बारीक स्टीलची जाळी लावा. मच्छरदाणीची नायलॉनची नको, ती कुरतडली जाऊ शकते.

‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’

तारा लोंबणारा, दिवे लुकलुकणारा, नाव-गाव नसलेला डबा दिसला की लोक काय समजतात? ३१ जानेवारी २००७ला बॉस्टनमध्ये एका कार्टूनच्या जाहिरातीसाठी लावलेले एलईडीचे उघडे बोर्ड बॉम्ब समजून रस्ते आणि पूल बंद केले गेले. २०१५मध्ये टेक्ससच्या अर्विंग शहरात १४ वर्षांच्या मुलाने पेन्सिलींच्या पेटीत बसवलेलं घरगुती घड्याळ शाळेत नेलं, तर त्याला बेड्या पडल्या. पुढे राष्ट्राध्यक्षांनी त्याला व्हाइट हाउसला बोलावलं. आपल्या लोकलमध्ये तर बेवारस वस्तूंची सूचना दर थोड्या वेळाने कानावर पडते. तेव्हा डब्यावर ठळक लिहा: हे काय आहे, कुणाचं आहे. मी ‘पाण्याची टाकी, दुसरा मजला’ असं लिहून वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आहे. स्वस्तिक असलेल्या डब्याला आमच्या सोसायटीत कुणी हात लावत नाही.

चौकोनी भोक

शेवटी कबुली. या सगळ्यात सर्वांत अवघड काम कुठलं विचाराल, तर पाणी नाही, उष्णता नाही. डिस्प्लेसाठी चौकोनी भोक पाडणं. गोल भोक ड्रिल पाडतं, चौकोनी भोक माणसाला पाडावं लागतं. कडेकडेने बारीक भोकांची रांग, मग करवतीचं पातं, मग कानस, मग ‘अजून एक मिलिमीटर’, मग दोन मिलिमीटर जास्त. माझ्या ओळखीत एकाचंही पहिलं भोक काटकोनात नाही. त्यात आर्डुइनो उनोची स्क्रूची भोकं आयताच्या चार कोपऱ्यांवर नाहीतच. एक तर पिनांच्या इतकं शेजारी की स्क्रूचं डोकं बसत नाही. ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतरही बाकीच्यांसारखं एक दशांश इंच नसून ०.१६ इंच आहे. घाईत राहून गेलेली चूक, पण तोवर जगभर तिच्या मापाचे जोडबोर्ड निघाले, आणि आता ती दुरुस्त करणं कुणाला परवडत नाही. आपल्या वाकड्या खिडकीबद्दल वाईट वाटलं की मी ही गोष्ट आठवतो.

हा लेख लिहायला घेतला आणि लाजेने टाकीचा प्रोजेक्ट एकदाचा डब्यात घातला. जंक्शन बॉक्स, पांढरा. तारा खालून, झोल देऊन. तळाला भोक, भोकाला जाळी. सेन्सरच्या डोळ्यांभोवती सिलिकॉन. झाकणाच्या फटीलाही सिलिकॉन, चारही स्क्रूंवर एम-सील. रविवारी शिडी लावून टाकीवर चढवला आणि खाली येऊन फोन उघडला.

काहीच दिसेना.

‘आई, घरातलं वायफाय बंद आहे का गं?’

‘नाही रे, चालू आहे की. परवा तो माणूस येऊन गेला ना, त्याने पासवर्ड बदलून दिला. जुना फार सोपा होता म्हणाला.’

डिसमिस शोधतोय.